‘डोळे मिटा’ म्हणण्याआधी: बेघर मुलांना योग शिकवायचा, तर शिक्षकाने आधी काय शिकायला हवं?

‘आता पाठीवर झोपा. डोळे मिटा. शरीर सैल सोडा.’

योगवर्गाच्या शेवटी येणाऱ्या या सूचना ऐकून बहुतेकांना हायसं वाटतं. पण हाच वर्ग एखाद्या बालगृहात चालू आहे आणि समोर काही महिने रेल्वे फलाटावर काढलेला १५ वर्षांचा मुलगा आहे, अशी कल्पना करा. फलाटावर तो कधी निर्धास्त झोपलेला नाही. झोपेत उशाची चप्पल जाते, कुणी लाथ मारून उठवतं, कुणी त्याहून वाईट काही करतं. अशा मुलाला अनोळखी माणूस पाठीवर झोपून डोळे मिटायला सांगतो, तेव्हा त्याचं शरीर सैल पडत नाही, ताठ होतं. तो मोठ्याने हसतो, शेजाऱ्याला चिमटा काढतो किंवा उठून निघून जातो. शिक्षक म्हणतो, ‘हा मुलगा बेशिस्त आहे.’

मुलगा बेशिस्त नसतो. तो आजवर ज्या सवयीमुळे वाचला, ती सवय सोडायला तयार नसतो. हे शिक्षकाला कळलं, तर तो वेगळी सूचना देईल. नाही कळलं, तर चांगल्या हेतूने सुरू झालेला वर्ग त्या मुलासाठी आणखी एक शिक्षा ठरेल.

म्हणूनच घर तुटलेल्या, रस्त्यावर वाढलेल्या किंवा अत्याचार सोसलेल्या मुलांसोबत काम करणाऱ्या योगशिक्षकांना वेगळं प्रशिक्षण हवं, असा विचार गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर पुढे आला आहे. हे प्रशिक्षण म्हणजे नेमकं काय? त्याचा उपयोग होतो का? आणि रावेरसारख्या तालुक्याशी त्याचा संबंध काय?

रावेरच का?

रावेर म्हटलं की आधी केळी आठवते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि या केळीचा मोठा पट्टा रावेर-यावल तालुक्यांत आहे. केळीचं काम बारमाही. लागवड, खत-पाणी, घड कापणं, वाहनात भरणं, प्रत्येक कामाला हात लागतात. हे हात अनेकदा सातपुड्यातल्या पाड्यांवरून आणि सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातून येतात. आई-वडील मजुरीला आले की मुलंही सोबत येतात. शेतातल्या झोपडीत राहतात आणि काम संपलं की पुढे सरकतात. अशा मुलांची शाळा मधेच सुटते. सुटलेली शाळा पुन्हा धरणं सोपं नसतं.

दुसरी गोष्ट रेल्वेची. खंडवा-बऱ्हाणपूरकडून मुंबईकडे येताना महाराष्ट्रात लागणारं पहिलं तालुक्याचं गाव म्हणजे रावेर. तिथून निंभोरा आणि सावदा ओलांडलं की भुसावळ. उत्तर भारतातून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या याच मार्गाने जातात. घरातून पळालेली, कामासाठी पाठवलेली किंवा गर्दीत चुकलेली मुलं याच गाड्यांमध्ये सापडतात. रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत २०१८ ते २०२४ च्या मध्यापर्यंत देशभरातल्या रेल्वे परिसरांतून ८४ हजारांहून अधिक मुलांना ताब्यात घेऊन सुरक्षित जागी पोहोचवण्यात आलं. २०२२ या एकाच वर्षात ही संख्या १७,७५६ होती.

भुसावळचं एक प्रकरण मे २०२३ मध्ये देशभर गाजलं. बिहारहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीतून ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाड इथे उतरवलं गेलं. मानवी तस्करीच्या संशयावरून सोबतच्या शिक्षकांवर गुन्हे दाखल झाले. प्रत्यक्षात ही मुलं सांगलीकडच्या मदरशांमध्ये शिकायला निघाली होती. गैरसमजातून गुन्हे नोंदवले गेल्याचं तपासात समोर आलं आणि २०२४ मध्ये प्रकरणं बंद करण्यात आली. त्याआधी या मुलांनी जवळपास १२ दिवस नाशिक आणि जळगावच्या निवारागृहांत काढले होते. भाषा वेगळी, माणसं अनोळखी आणि आपण इथे का आहोत हे नीट कुणी सांगितलेलं नाही, अशा अवस्थेत.

‘सुटका’ झालेल्या मुलाचे पहिले काही दिवस कसे असतात, ते या प्रकरणातून दिसतं. आपल्यासोबत चांगलं घडतंय की वाईट, हे मुलाला ठाऊक नसतं. त्याच दिवसांत त्याला भेटणारा प्रत्येक मोठा माणूस महत्त्वाचा ठरतो. मग तो पोलीस असो, स्वयंपाकी असो की सकाळी योग शिकवायला येणारे सर असोत.

‘जोखमीतली मुलं’ म्हणजे नेमकी कोणती?

बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ अशी संज्ञा आहे. घर किंवा ठरलेला निवारा नसलेली, रस्त्यावर राहणारी किंवा भीक मागणारी, बेकायदा कामाला लावलेली, छळ झालेली, पालक नसलेली किंवा पालक सांभाळू न शकणारी मुलं यात येतात. असं मूल सापडल्यावर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. त्याने घरी जायचं की बालगृहात, ते समिती ठरवते.

पण बालगृह हा शेवट नाही. १८ वर्षं पूर्ण झाली की मुलाला तिथून बाहेर पडावं लागतं. त्यानंतर २१ वर्षांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत, अनुरक्षणाची म्हणजे पुढच्या आधाराची तरतूद आहे. तरीही वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ‘आता जायचं कुठे?’ हा प्रश्न अनेकांसमोर उभा असतो. शिवाय कागदोपत्री बेघर नसलेले, पण घर असून नसल्यासारखे तरुण वेगळेच. बापाच्या दारूमुळे बाहेर झोपणारा, दहावीत नापास होऊन गाडीवर चढलेला, लग्न लावून देतील म्हणून पळालेली, असे कितीतरी.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे १७ लाख ७० हजार लोक बेघर होते. त्यांतले २ लाख १० हजारांहून अधिक महाराष्ट्रात होते. फिरत्या, पळालेल्या मुलांची मोजणी अशा गणनेत होणं मुळातच अवघड. त्यामुळे हा आकडा किमान समजायचा.

योगाचा खरंच उपयोग होतो का?

थोडक्यात उत्तर: होतो, पण चमत्कार होत नाही.

सतत धोक्यात राहिलेलं शरीर धोका संपल्यावरही सावध राहतं. लढा, पळा किंवा गोठून जा, या तीन प्रतिक्रियांसाठी मज्जासंस्था कायम तयार असते. श्वास उथळ आणि वेगवान होतो, झोप तुटते, छोट्या आवाजानेही मूल दचकतं. अशा मुलाला नुसतं ‘शांत हो’ म्हणून उपयोग नसतो, कारण हा सावधपणा त्याने विचार करून धरलेला नसतो. तो शरीरात मुरलेला असतो. संथ हालचाल आणि लांब उच्छ्वास यांच्या मदतीने शरीराकडूनच मनाकडे जाण्याची वाट मिळते. योग इथे कामी येतो तो एवढ्याच अर्थाने.

याचा एक जुना भारतीय पुरावा आहे. बंगळुरूच्या योग संशोधकांनी, शर्ली टेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९७ मध्ये बालगृहातल्या मुलींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या शाळेतल्या मुलींपेक्षा बालगृहातल्या मुलींचा श्वास अधिक वेगवान आणि अनियमित होता. भीती आणि चिंतेशी जोडलं जाणारं हे लक्षण. मग २८ मुलींचे दोन गट केले. एका गटाला रोज तासभर योग, दुसऱ्याला तेवढाच वेळ खेळ. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या हृदयाचे ठोके कमी झाले. योग करणाऱ्या मुलींचा श्वासही संथ आणि अधिक नियमित झाला.

यातली पहिली गोष्ट अनेकदा सांगितलीच जात नाही. खेळानेही फायदा झाला. रोज ठरल्या वेळी कुणीतरी येतं आणि तासभर आपल्याकडे लक्ष देतं, यालाही काही मोल असणार.

अमेरिकेत बेसल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यासही चर्चेत राहिला. दीर्घकाळ आघाताचे परिणाम भोगणाऱ्या आणि इतर उपचारांना दाद न दिलेल्या ६४ महिलांचा त्यात सहभाग होता. १० आठवड्यांनंतर योग गटातल्या ५२ टक्के महिला आघातोत्तर तणाव विकाराच्या निकषांत बसेनाशा झाल्या. आरोग्यविषयक माहितीचे वर्ग घेतलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. बाल्टिमोरमध्ये २०१० मध्ये चौथी-पाचवीच्या ९७ मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. त्यात मनात तेच तेच विचार घोळत राहणं आणि भावनांचा भडका उडणं कमी झाल्याचं दिसलं.

हे अभ्यास लहान आहेत. प्रौढ महिलांवरचे निष्कर्ष फलाटावरच्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय अमेरिकेतल्या त्या महिलांना मिळालेला योग नेहमीचा नव्हता. आघात सोसलेल्यांसाठी मुद्दाम बदललेली पद्धत होती. शिक्षकाचं प्रशिक्षण महत्त्वाचं ठरतं ते इथेच.

चांगला योगशिक्षक इथे कमी का पडतो?

केंद्राच्या आयुष मंत्रालयाने २०१८ मध्ये योग प्रमाणन मंडळ उभं केलं. त्याच्या प्रमाणपत्रांचे स्तर आहेत. योग प्रोटोकॉल प्रशिक्षकासाठी २०० तास, योग वेलनेस प्रशिक्षकासाठी ४०० तास, तर योग शिक्षक व मूल्यमापकासाठी ८०० तास. भर असतो तो योगग्रंथांची ओळख, शरीररचना, आसन-प्राणायामाचं प्रात्यक्षिक आणि शिकवण्याची पद्धत यांवर. निवारा नसलेल्या किंवा अत्याचार सोसलेल्या मुलांसोबत काम करण्याचा वेगळा स्तर या यादीत नाही.

त्यामुळे शिक्षक आसनात तरबेज असला, तरी काही नेहमीच्या सवयी इथे उलट्या पडतात.

हात लावून आसन सुधारणं: नेहमीच्या वर्गात ही मदत समजली जाते. ज्याच्या शरीराला आजवर परवानगीशिवायच हात लागला आहे, त्याला मागून आलेला हात हल्ला वाटू शकतो.

हुकमी आवाज: ‘सगळ्यांनी एकदम हात वर!’ ही शाळेच्या पीटीची भाषा. पोलीस चौकीत आणि कामाच्या ठिकाणी दरडावणीच ऐकलेली मुलं ती ऐकून गप्प उभी राहतील. पण ते शिकणं नसतं, नमणं असतं.

शिक्षेसारखी दिसणारी आसनं: मराठी शाळांमध्ये ‘अंगठे धरून उभा राहा’ ही शिक्षा कुणाला ठाऊक नाही? पादहस्तासनात नेमकं तेच दिसतं. उत्कटासन खुर्चीच्या शिक्षेसारखं वाटतं. मार खाऊन शाळा सोडलेल्या मुलासमोर या आसनाने सुरुवात केली, तर पुढचं काही त्याच्या कानावर जाणार नाही.

जोरकस प्राणायाम: कपालभाती, भस्त्रिका किंवा श्वास बराच वेळ रोखून धरणं यांमुळे घाबरलेल्या मुलाची धडधड वाढू शकते. फलाटावरची काही मुलं व्हाइटनर किंवा सोल्यूशन हुंगतात. या रसायनांमुळे हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. अशा वेळी एकाएकी जोराचा व्यायाम किंवा श्वासाचे प्रयोग नकोतच. आधी डॉक्टर, मग चटई.

अंधार आणि बंद दार: ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून दिवे घालवणं, दार लावणं. नेहमीच्या वर्गात छान, इथे धोक्याची घंटा.

प्रशिक्षणात शिकवतात तरी काय?

अमेरिकेत पोर्टलंडच्या ‘स्ट्रीट योगा’ने २००२ पासून बेघर तरुणांसाठी वर्ग घेतले आणि पुढे शिक्षकांनाही तयार केलं. ऑकलंडच्या ‘निरोगा’ने २००५ पासून शाळा आणि बालसुधार केंद्रांमध्ये काम केलं. केनियात नैरोबीच्या ‘आफ्रिका योगा प्रोजेक्ट’ने २००७ पासून वेगळी वाट धरली. बाहेरून शिक्षक आणण्यापेक्षा झोपडवस्तीतल्या तरुणांनाच शिक्षक बनवायचं. त्यातून त्यांना कामही मिळालं आणि मुलांना आपल्यातलाच ‘दादा’, ‘ताई’ मिळाली.

अशा कामात आसनांपेक्षा वागण्याचा भाग मोठा असतो. तो पाच गोष्टींत सांगता येतो.

एक, निवड. ‘डोळे मिटा’ऐवजी ‘हवं तर डोळे मिट, नाहीतर समोरच्या भिंतीकडे बघ’. ‘झोपा’ऐवजी ‘झोप, बस किंवा भिंतीला टेकून राहा’. नुसतं बसून बघणंही चालतं. ज्याच्या आयुष्यातले सगळे निर्णय इतरांनी घेतले, त्याला ‘नाही’ म्हणता येणं हाच पहिला धडा.

दोन, अंदाज येणं. तोच वार, तीच वेळ, तोच माणूस, तोच क्रम. पुढे काय होणार हे आधी सांगायचं. मधेच पाहुणे आणायचे नाहीत.

तीन, स्पर्श नाही. आसन स्वतः करून दाखवायचं. मुलांच्या मागे फिरायचं नाही. दार उघडं आणि वाटेत कुणी उभं नाही.

चार, आपल्या कामाची मर्यादा. योगशिक्षक समुपदेशक नसतो. मुलाने मनातलं काही सांगितलं, तर ऐकायचं, खोदून विचारायचं नाही आणि योग्य माणसाकडे पोहोचवायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण काही गोष्टी सांगणं कायद्याने बंधनकारक आहे.

पाच, स्वतःची काळजी. रोज अशा कहाण्या ऐकून शिक्षकही थकतो, चिडतो किंवा मुलांचा तारणहार व्हायला बघतो. म्हणून ठरावीक काळाने अनुभवी माणसासोबत बसून बोलणं हा प्रशिक्षणाचाच भाग असतो.

रावेरसाठी यात दोन गोष्टी वाढवाव्या लागतील. पहिली भाषा. या भागात लेवा गणबोली, तडवी, पावरी आणि हिंदी अशा बोली एकाच गल्लीत ऐकू येतात. ‘श्वासावर लक्ष केंद्रित करा’ हे पुस्तकी वाक्य पाड्यावरच्या मुलापर्यंत पोहोचणार नाही. ‘नाकातून जाणारा वारा गार आहे का, बघ’ हे पोहोचेल. दुसरी श्रद्धा. तालुक्यातले बहुतेक तडवी मुस्लिम आहेत, पावरा-भिलाला कुटुंबांच्या स्वतःच्या परंपरा आहेत आणि बिहारहून आलेलं मूल कुठल्याही घरचं असू शकतं. प्रार्थना किंवा मंत्र ऐच्छिक ठेवला आणि तो नसला तरी वर्ग अपुरा वाटणार नाही अशी रचना केली, तर कुणालाही दाराबाहेर उभं राहावं लागत नाही.

कायदा काय म्हणतो? आणि त्या फोटोंचं काय?

२०१६ च्या आदर्श नियमांमध्ये बालगृहांतल्या करमणुकीच्या सोयींत खेळ, संगीत, बागकाम यांच्यासोबत योग आणि ध्यानाचा उल्लेख आहे. कर्मचाऱ्यांच्या रचनेतही शारीरिक शिक्षक आणि योग प्रशिक्षक असं एकत्र पद आहे. म्हणजे योगाला कागदावर जागा आहे. पण ही जागा ‘करमणूक’ आणि ‘पीटी’ यांच्या खात्यात आहे. त्या माणसाला या मुलांविषयी काय माहीत असावं, हे पदाच्या नावातून कळत नाही.

काय माहीत असायलाच हवं, ते मात्र इतर तरतुदींतून कळतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं आणि कळवलं नाही, तर पॉक्सो कायद्याखाली तो गुन्हा ठरतो. बालगृहातल्या कर्मचाऱ्याने शिस्तीसाठी मुलाला शारीरिक शिक्षा करणं हाही बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे. ‘वीस सूर्यनमस्कार घाल’ ही शिक्षा म्हणून दिली, तर ती योगात मोजायची की शिक्षेत, याचं उत्तर अवघड नाही.

आणि आता फोटो. २१ जून जवळ आला की बालगृहात रांगेत बसलेल्या मुलांचे फोटो स्टेटसवर दिसू लागतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो प्रसिद्ध करायला मनाई आहे. उल्लंघन झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हेतू चांगला होता, म्हणून फोटो निरुपद्रवी ठरत नाही. ज्या माणसापासून मूल पळालं, त्याच्याही हातात मोबाइल असतो.

बालगृहांमध्ये बाहेरच्या माणसांचा प्रवेश हा नाजूक विषय आहे, याची आठवण जळगाव जिल्ह्याला वेगळी करून द्यायला नको. २०२३ मध्ये एरंडोल तालुक्यातल्या मुलींच्या एका संस्थेत अल्पवयीन मुलींच्या लैंगिक छळाचा गुन्हा काळजीवाहकावर नोंदवला गेला. सांभाळणाराच भीतीचं कारण ठरू शकतो, हे माहीत असलेल्या मुलींसमोर ‘मी चांगल्या हेतूने आलोय’ एवढं पुरत नाही. पूर्वेतिहासाची पडताळणी, वर्गात दुसरा जबाबदार माणूस हजर असणं आणि मुलांना तक्रार करता येईल अशी सोय, हा प्रशिक्षणाआधीचा उंबरठा आहे.

खान्देशात हे कोण करू शकेल?

योग आणि मुलांना जपणं, या दोन्ही गोष्टींची मुळं खान्देशात आहेत. योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. त्याआधी ते अमळनेरला खान्देश शिक्षण संस्थेत शिकवत होते. त्याच १९२४ मध्ये साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे त्यांनी तिथल्या छात्रालयाची जबाबदारी घेतली. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांना शिस्त लावायची, तर आधी त्यांची आपुलकी मिळवावी लागते, हे त्यांनी वागून दाखवलं.

आजही इथे पाया आहे. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात योग आणि निसर्गोपचाराचा ‘सोहम’ विभाग आहे. केशवस्मृती प्रतिष्ठानचा ‘समतोल’ प्रकल्प रेल्वे स्थानकांवर सापडणाऱ्या मुलांसाठी काम करतो. दीपस्तंभ फाउंडेशन अनाथ आणि दिव्यांग तरुणांच्या शिक्षणासाठी उभं आहे. योग शिकवणारे एकीकडे आणि मुलांना ओळखणारे दुसरीकडे. दोघांना एका खोलीत बसवलं, तर अभ्यासक्रमाचा अर्धा मजकूर तिथेच तयार होईल.

रावेर लोकसभा मतदारसंघाच्या खासदार रक्षा खडसे यांनी ९ जून २०२४ रोजी केंद्रात राज्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांच्याकडे आलेलं खातं युवक कल्याण आणि क्रीडा. तरुण स्वयंसेवकांसाठीचं ‘माय भारत’ व्यासपीठही याच मंत्रालयाचं. त्यामुळे नैरोबीसारखा विचार रावेर-भुसावळच्या पट्ट्यात तपासून पाहायचा झाला, तर सगळंच नव्याने उभारावं लागणार नाही. बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणारा एखादा तरुण योगाचं प्रमाणपत्र घेऊन, या जादा प्रशिक्षणासह, पुन्हा त्याच मुलांसमोर शिक्षक म्हणून उभा राहू शकतो. फलाटावरची झोप कशी असते, हे त्याला समजावून सांगायची गरज पडणार नाही. मात्र त्यासाठी मानधन वेळेवर आणि वर्षभर मिळायला हवं. फुकटच्या सेवाभावावर सहा महिने टिकणारा शिक्षक मुलांना आणखी एक निरोप देऊन जातो.

योगाने काय होणार नाही?

योगाने छप्पर मिळत नाही. मजुरी वाढत नाही. जातीचा दाखला, आधार कार्ड किंवा शाळेचा दाखला मिळत नाही. उपाशी मुलाला आसन शिकवण्याआधी जेवू घालावं लागतं. नशेच्या आहारी गेलेल्याला उपचार लागतात आणि खोल नैराश्यातल्या मुलाला मानसोपचारतज्ज्ञ. हे सगळं बाजूला ठेवून ‘योगाने सगळं बरं होतं’ असं म्हणणारा वर्ग त्या मुलाच्या परिस्थितीचा दोष त्याच्याच माथी मारतो. तू नीट श्वास घेत नाहीस, म्हणून तुझं असं झालं!

म्हणून एखाद्या संस्थेत असा वर्ग सुरू होतोय असं कळलं, तर देणगीदाराने, पालकाने किंवा नुसत्या वाचकानेही चार प्रश्न विचारायला हरकत नाही. शिक्षकाची पडताळणी झाली आहे का? त्याला या मुलांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण आहे का? मुलाला ‘नको’ म्हणता येतं का? आणि २१ जूननंतरच्या सोमवारी हा शिक्षक परत येणार आहे का?

एखादं मूल एकटं, भेदरलेलं दिसलं, तर त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. १०९८ वर फोन करा. रेल्वे स्थानकावर असाल, तर रेल्वे सुरक्षा दलाला कळवा. मदत येईपर्यंत दोन हात अंतरावर बसून त्याला एवढंच विचारा, ‘पाणी हवंय का?’ तो नाही म्हणाला, तरी तिथेच बसून राहा.